राखेच्या विटेवर बंदी नको, तिच्यावर तारीख टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरज तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामसभेत मागच्या महिन्यात एक विषय आयत्या वेळी आला आणि टाळ्यांच्या गजरात मंजूरही झाला. निमित्त शाळेच्या आवाराच्या, राखेच्या विटांच्या भिंतीचं, तिचं पीठ पडायला लागलं होतं. यापुढं गावात सरकारी पैशातून जे काही बांधलं जाईल, त्याला राखेची वीट लावायची नाही. लाल, भाजलेलीच वीट पाहिजे. मी तिथंच बसले होते. उठून बोलावं असं फार वाटलं. पण जिचा धंदाच राखेच्या विटांचा, तिनं त्याच विटेची बाजू घेतली तर लोक काय म्हणणार हे ठाऊक होतं. म्हणून हे पत्र. धंदा माझा आहे हे आधीच सांगून टाकते, वाचणाऱ्यानं त्या हिशेबानं वाचावं.

माझं सासर कुंभाराचं. कृष्णेच्या काठाला, मळीच्या मातीवर सासऱ्यांची वीटभट्टी होती. लग्न होऊन आले तेव्हा गारा तुडवण्यापासून भट्टी रचण्यापर्यंत सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, त्यात आमचा भाजून ठेवलेला माल गाळात बसला आणि जळण वाहून गेलं. पुन्हा भट्टी उभी करण्यापेक्षा आम्ही नदीपासून लांब, माळाला जागा घेतली आणि राखेच्या विटांसाठी पॅन मिक्सर (माल कालवायचं यंत्र) व हायड्रॉलिक प्रेस (दाबून वीट पाडायचं यंत्र) बसवलं. सासरे आजही या विटेला वीट म्हणत नाहीत, ‘तुझी ठोकळी’ म्हणतात. त्यामुळं दोन्ही बाजूंचं बोलणं मी घरातच ऐकते.

ज्या भिंतीवरून ठराव झाला, ती शाळेच्या आवाराची भिंत मी जाऊन पाहिली. विटा आमच्याकडच्या नव्हेत. प्लॅस्टर सुटलं होतं तिथं पोरांनी खिळ्यानं नावं आणि बदाम कोरले होते, तेही चांगले खोल. खाली पायाशी राखाडी पिठाचा ढीग साचलेला. चांगल्या विटेवर खिळा ओढला तर चरा उठतो, पीठ पडत नाही. एक निखळलेली वीट घरी आणली आणि मधोमध फोडली. बाहेरची बाजू आणि कोपरे नखानं निघत होते. आतला गाभा मात्र जरा घट्ट होता. हे सासऱ्यांना दाखवलं तर ते बुचकळ्यात पडले, कारण कमी भाजलेल्या मातीच्या विटेचं बरोबर उलटं असतं: वर पक्की आणि आत कच्ची. मशीनवर पाडलेल्या राखेच्या विटेला बाहेरून कच्चं ठेवतं ते ऊन. वरचं पाणी आधी उडून जातं आणि वरचाच थर अर्धवट राहतो. म्हणजे या विटांना पाणी मारलंच नव्हतं, किंवा चार दिवस मारल्यासारखं केलं होतं. दुसरी गोष्ट, गाभ्यात केसासारखे काळे तंतू दिसत होते. त्याबद्दल पुढं लिहिते.

राखेची वीट भाजत नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. मग ती घट्ट कशानं होते, हे फारसं कुणी विचारत नाही. औष्णिक वीज केंद्रात दगडी कोळशाची पूड जळते, तिच्या धुराबरोबर वर जाणारी बारीक राख यंत्रानं धरून ठेवतात, ती फ्लायॲश. या राखेत सिलिका काचेच्या रूपात असते. तिला चुना आणि पाणी मिळालं की तिघांचं मिळून हळूहळू दगडासारखं बंधन तयार होतं. चुना कुणी कळीचा घालतं आणि जोडीला जिप्सम घालतं. आमच्यासारखे लहान लोक सिमेंट घालतात, कारण सिमेंट पाण्यात कालवल्यावर त्यातूनही चुना सुटतो. आमच्याकडं शंभर किलो कोरड्या मिश्रणात आठ-दहा किलो सिमेंट, निम्म्याहून जास्त राख आणि उरलेली क्रशरची कच, म्हणजे खडी फोडताना पडणारी बारीक भुकटी, असते. सगळी गोम त्या ‘हळूहळू’मध्ये आहे. सिमेंट आपलं काम पहिल्या आठवड्यात बरंचसं करून टाकतं, राख मात्र पुढं कित्येक आठवडे चालू राहते, आणि ओल असेल तरच. म्हणून वीट प्रेसमधून निघाल्यावर पहिले एक-दोन दिवस सावलीला, मग गोणपाट टाकून निदान दोन-तीन आठवडे पाणी. पूर्ण ताकद २८ दिवसांच्या हिशेबानं धरतात.

आता यात लबाडी कुठं शिरते ते सांगते. रोज काही हजार विटा पडतात. तीन आठवड्यांचा माल थांबवून ठेवायचा म्हणजे एवढ्या चट्ट्यांना, म्हणजे विटांच्या थप्प्यांना, जागा पाहिजे, तेवढं भांडवल अडकून पडतं, आणि पाणी पाहिजे. बांधकामाची घाई मार्च ते मे, आणि आमच्याकडं पाण्याची ओरडही तेव्हाच. मिरज पूर्वभागात, कवठेमहांकाळला, जतला उन्हाळ्यात टँकर गावाच्या प्यायच्या पाण्यासाठी फिरत असतो. विटांवर पाणी ओतताना माणसाला लाज वाटते, हे मी कबूल करते. अशात ठेकेदाराचा फोन येतो, ट्रक पाठवतोय, दहा हजार भरून दे. आठवड्याची वीट आणि महिन्याची वीट रंगानं सारखीच दिसते. आठवड्याची दिली तर पैसे आजच हातात येतात. नाही म्हटलं तर तो पुढच्या शेडवर जातो, तिथं देतात. भाव पाडून विकणाऱ्याकडं बघा, त्याच्या आवारात चट्टे थोडे आणि जमीन कोरडी असते. विटेचा दर त्याला परवडतो तो राखेमुळं नव्हे, न मारलेल्या पाण्यामुळं.

तरी सगळा दोष वीट करणाऱ्याचा नाही. आमच्या चांगल्या मालाचीसुद्धा तक्रार एकदा आली, भिंतीला उभ्या चिरा पडल्या म्हणून. गेले बघायला. मिस्त्री अनुभवी माणूस, त्यांनी विटा हौदात रात्रभर बुडवल्या होत्या. म्हणाले, “ताई, वीट पाणी प्याली नाही तर ती सिमेंटच्या मालातलं पाणी पिते, हे तुम्ही मला शिकवणार?” मातीच्या विटेबद्दल त्यांचं शंभर टक्के खरं आहे. पण राखेची वीट तुडुंब भिजवून भिंतीत घातली की भिंत वाळताना ती आकसते आणि चिरा पडतात. तिला लावायच्या आधी नुसता शिपका पुरतो. शिवाय तिचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळं सांधे नीट खरवडून घेतले नाहीत तर प्लॅस्टर धरत नाही, आणि कॉलम-भिंतीच्या सांध्यावर जाळी मारावी लागते. हे कुणी गवंड्यांना सांगितलं? विटेबरोबर कागद जात नाही. आम्ही आता ट्रक ड्रायव्हरकडं तोंडी निरोप देतो, तो पोहोचतो की नाही देव जाणे.

आता ते काळे तंतू. आपल्या जिल्ह्यात राख म्हटलं की दोन राखा येतात. एक वीज केंद्राची, ती आपल्याकडं नाही. सोलापूरजवळच्या किंवा विजापूरकडं कुडगीच्या एनटीपीसी केंद्रासारख्या लांबच्या ठिकाणाहून बल्करनं आणावी लागते, आणि राखेपेक्षा भाडं महाग पडतं. दुसरी साखर कारखान्याच्या बॉयलरची, बगॅस म्हणजे उसाचं चिपाड जळून उरलेली. ही कारखान्याच्या मागं डोंगराएवढी पडलेली असते, ट्रॅक्टर नेला की भरून मिळते. काहीजण ही दुसरी राख पहिलीच्या नावावर विटेत घालतात. बगॅसच्या राखेतही सिलिका भरपूर असते, ती नीट जाळून बारीक दळली तर उपयोगी पडते. पण बॉयलरमधून आहे तशी उचलली तर तिच्यात अर्धवट जळलेल्या चिपाडाचे तंतू असतात, ते पाणी पितात आणि विटेत पोकळी ठेवतात. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बादलीभर पाण्यात मूठभर राख टाका आणि ढवळा. न जळलेलं काळं वर तरंगतं, हातानं बाजूला करता येतं. त्या भिंतीच्या विटेचा चुरा मी असाच टाकून बघितला. बादलीवर काळी साय आली.

गंमत अशी की तीच बगॅसची राख भट्टीच्या मातीत घातली तर ती चांगली. आमचे सासरे वर्षानुवर्षं गाऱ्यात राख कालवत आले. चिकण माती वाळताना तडकत नाही आणि राखेतला न जळलेला कोळसा विटेच्या पोटातच जळतो, जळण वाचतं. दुसऱ्याचा टाकाऊ माल वापरणं हे कुंभाराला कुणी नव्यानं शिकवायला नको. केंद्र सरकारनं १४ सप्टेंबर १९९९ ला पहिली फ्लायॲश अधिसूचना काढली, तिच्यात वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत वजनानं किमान २५ टक्के राख मिसळावी असं होतं. पुढं २००३ ला हे अंतर १०० आणि २०१६ ला ३०० किलोमीटर झालं. सांगली आता त्या टप्प्यात येते. तेव्हा आमच्या ग्रामसभेचा ठराव सरकारच्याच धोरणाच्या उलट दिशेला तोंड करून उभा आहे, एवढं ग्रामसेवकांच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

माझ्या मते आपल्या भागाला खरी संधी राखेत नाही, फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांच्या, वाळूत आहे. राख लांबून आणावी लागते. वाळू कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत दारात पडलेली आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि नांगराचे फाळ ओतले जाऊ लागले, तेव्हापासून या जिल्ह्याला ओतकामाची सवय आहे. ओतीव कामासाठी साचा करतात तो सिलिका वाळू, बेंटोनाइट माती आणि थोडी कोळशाची भुकटी कालवून. तीच वाळू पुन्हा पुन्हा वापरतात. तापून तापून तिचे कण फुटतात, वर जळकी माती चिकटते, मग ती साच्याला चालत नाही आणि बाहेर पडते. साच्याला चालत नाही म्हणून विटेला चालत नाही असं नाही. कचेच्या काही भागाऐवजी ती घालता येते, कण बारीक असल्यानं विटेच्या कडा तलवारीसारख्या निघतात. फार घातली तर त्यातली बेंटोनाइट पाणी ओढते, फुगते आणि ताकद उतरते. म्हणून हात राखून घालायची. वीट जरा काळपट येते. गिऱ्हाईक नाक मुरडतं, प्लॅस्टरखाली कुणाला दिसणार आहे ती!

पण फौंड्रीची वाळूही एक नसते. ओतीव वस्तूच्या आतली पोकळी काढायला साच्यात जे कोअर बसवतात, त्यातल्या बऱ्याच कोअरच्या वाळूला रासायनिक रेझिननं बांधलेलं असतं. ती वाळू हातात घेतली तर औषधासारखा उग्र वास येतो. तिच्यात फिनॉल हे विषारी रसायन राहू शकतं. ती तपासल्याशिवाय विटेत घालू नये आणि ओढ्यात तर मुळीच टाकू नये. एकदा एका कारखान्यातून (नाव लिहीत नाही) आम्ही काळी वाळू मागवली. डंपर रिकामा केला तर ढिगात साच्याची वाळू, कोअरचे अख्खे तुकडे, भट्टीवरचा मळ, फाटके हातमोजे आणि वेल्डिंग रॉडची थोटकं, सगळं एकत्र. चुंबक फिरवलं तर लोखंडाच्या कणांच्या मिशा लागल्या त्याला. असे कण विटेत राहिले की पावसाळ्यात भिंतीवर तांबडे डाग फुटतात. ड्रायव्हरला विचारलं, हे असं का रे? तो म्हणाला, “लोडरनं भरलं ते आणलं, ताई. नको असेल तर ओढ्याला टाकतो, तिकडं कोण विचारत नाही.” त्याचं हे शेवटचं वाक्य प्रदूषण नियंत्रणवाल्यांनी जरा ऐकावं.

त्या कारखान्याला वेगळा खर्च करायचा नव्हता. नुसते तीन ढीग वेगळे घालायचे होते: साच्याची वाळू एकीकडं, कोअरची दुसरीकडं, मळ तिसरीकडं. आत तर या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या जागीच निघतात, दारातून बाहेर येताना एकत्र होतात. एकदा मिसळल्या की वेगळ्या करणं माझ्यासारखीच्या आवाक्याबाहेरचं. उद्योजकांच्या संघटनेनं मनावर घेतलं तर हे एका बैठकीत ठरण्यासारखं आहे. डंपरबरोबर एक चिठ्ठी द्यावी: कुठली वाळू, कशानं बांधलेली. एवढ्यावर आम्ही ती वाळू विकतसुद्धा घेऊ. आज ती टाकून द्यायला ते भाडं भरतात.

हे काही जगावेगळं मागणं नाही. विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास यांनी राख, चुना आणि जिप्सम यांची न भाजता होणारी वीट रुजवली, तीत खत कारखान्यांतलं टाकाऊ जिप्समही चालतं. गुजरातेत वलसाडच्या बिनीश देसाईंनी कागद कारखान्याच्या गाळाच्या विटा केल्या. करता येतं की नाही हा प्रश्न केव्हाच मिटलेला आहे.

मातीच्या विटेला मी शिव्या घालणार नाही, तिच्यावर आमच्या दोन पिढ्या जगल्या. पण हजार विटांना साधारण तीन टन माती जाते, आणि ती काठावरची, उसाला लागणारीच माती असते. भट्टी हजार अंशांच्या आसपास तापवावी लागते. सांगली शहर केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे हवा बिघडलेल्या शहरांत आपलं नाव आहे. माझ्याही विटेत सिमेंट आहे आणि सिमेंट काही थंड भट्टीत होत नाही, त्यामुळं मी स्वतःला धुतल्या तांदळासारखी म्हणवून घेत नाही. फक्त एवढंच, की उद्या भट्ट्या कमी झाल्या तर भिंती कशाच्या बांधायच्या याचा विचार ‘राखेची नको’ म्हणून टाळ्या वाजवताना कुणी केला नाही.

आणि एक गोष्ट, जी ग्रामसभेत कुणीच काढली नाही. कोरडी राख आणि कोरडी फौंड्री वाळू मिक्सरमध्ये पडताना जो धुरळा उठतो, त्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो, आणि तो बरा होत नाही. आमच्याकडच्या बायका पदर तोंडाला बांधायच्या. पदरानं काही अडत नाही. मास्क आणून दिले तर उन्हाळ्यात घामानं गुदमरतं म्हणून गळ्यात लोंबायचे. शेवटी राख आधी पाण्याच्या फवाऱ्यानं ओली करून मग मिक्सरला घालायला लागलो, तेव्हा धुरळा बसला. मिश्रणातलं पाणी तेवढं कमी धरायचं, मालाला काही होत नाही. वीट तपासायला येणाऱ्या साहेबानं मिक्सरजवळ दोन मिनिटं उभं राहून बघावं. तिथं श्वास घेता येत नसेल तर तिथली वीटही घेऊ नये.

साहेब येतात कुठं हाही प्रश्न आहेच. राखेच्या विटेसाठी भारतीय मानकं आहेत: चुन्याच्या विटेला आयएस १२८९४, सिमेंटच्या विटेला आयएस १६७२०. चाचणी कशी घ्यायची ते आयएस ३४९५ मध्ये लिहिलेलं आहे, आणि ती चाचणी मातीच्या विटेलाही तीच. आयएस १२८९४ मधली सगळ्यात खालच्या दर्जाची वीट घेतली तरी तिनं दर चौरस मिलिमीटरला साडेतीन न्यूटन दाब सोसायला हवा; ९ इंच बाय ४ इंचाच्या विटेवर तो आठ टनांहून जास्त होतो. चोवीस तास बुडवल्यावर तिनं आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिता कामा नये. म्हणजे खडखडीत वाळलेली अडीच किलोची वीट दुसऱ्या दिवशी तीन किलोच्या वर गेली तर नापास. वजनकाटा किराणा दुकानात असतो, बादली प्रत्येकाच्या घरी. दाबाच्या चाचणीला विटा सांगलीतल्या अभियांत्रिकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवता येतात. ठेकेदार बिलाबरोबर दाखला जोडतात, पण तो दाखला कुठल्या विटांचा? निवडून, महिनाभर पाण्यात ठेवून दिलेल्या विटांचा. ट्रकमधून उतरलेल्यांचा नव्हे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विटेच्या खाचेत आम्ही आमच्या नावाचा ठसा उठवतोच. त्याच्या शेजारी वर्ष आणि आठवड्याचा आकडा उठवायची सक्ती करा. फरम्याची एक पट्टी दर आठवड्याला बदलायची, खर्च किरकोळ. मग भिंतीजवळ उतरलेली वीट कधी पडली हे शाळेच्या मुलालाही वाचता येईल, आणि चार आठवडे झाले नसतील तर ट्रक परत पाठवता येईल. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या अभियंत्यांनी चाचणीसाठी विटा आमच्या शेडवरून नव्हे, साइटवरच्या चट्ट्यातून, स्वतःच्या हातानं आणि मधल्या थरातून काढाव्यात. नापास झाल्या तर करणाऱ्याचं नाव खाचेत आहेच. लाल विटेलाही हाच नियम लावा, कारण पिवळी, अर्धकच्ची लाल वीटही बाजारात कमी नाही आणि तिच्याविरुद्ध ठराव झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

हा नियम झाला तर आमच्यापैकी काही शेड बंद पडतील, दर हजारी काही रुपये वाढतील आणि ठेकेदार माझ्यावर चिडतील. वाढू देत. आमच्या गावच्या ग्रामसभेची पुढची बैठक ऑगस्टमध्ये आहे. त्याआधी हे पत्र छापून आलं तर निदान सरपंचांच्या हातात कात्रण तरी देता येईल.

आपली विश्वासू,
एक वीट उत्पादक, मिरज तालुका

(नाव व गाव छापू नये ही विनंती. माझी गिऱ्हाईकं, ठेकेदार आणि वाळू देणारे कारखानदार सगळेच आपला पेपर वाचतात.)